एक्सएस ६५०: लो रेसला डावा सिलिंडर मेल्यासारखा, वर रेस केली की दोन्ही ठीक

पॅरलल_ट्विन
गाडी यामाहा एक्सएस ६५०, १९७८ची, पॉइंटवाली (ठिणगीची वेळ यांत्रिक संपर्क-स्विच ठरवतात), बीएस ३८ कार्ब (कार्ब्युरेटर, दर सिलिंडरला एक). कॅफे रेसर केलेली आहे: एअरबॉक्स काढून पॉड फिल्टर (थेट कार्बच्या तोंडावर बसणारे सुटे एअर फिल्टर), बॅफल (आवाज कमी करणारा आतला भाग) नसलेले आखूड पाइप, व्हॅक्यूमवर चालणाऱ्या पेट्रोल कॉकच्या जागी साधा हाताचा कॉक. वायरिंग नवीन, कॉइल (ठिणगीचं व्होल्टेज तयार करणारी) आणि कंडेन्सर (पॉइंटवरचं स्पार्किंग रोखणारा) दोन्ही नव्या ब्रॅकेटवर हलवलेले.

१२०० आरपीएमला उजव्या बेंड पाइपवर पाण्याचा थेंब टाकला की चर्रकन उडतो, डाव्यावर नुसता ओघळतो. ३५००च्या पुढे दोन्ही बाजू ओढतात. थ्रॉटल सोडला की डाव्या पाइपात फटाके. कॉम्प्रेशन (इंजिन गरम, थ्रॉटल पूर्ण उघडा) उजवीकडे १४०, डावीकडे १३५ पीएसआय. उजवा प्लग विटकरी, डावा पांढुरका. प्लगांची अदलाबदल केली, फरक शून्य. डाव्या कार्बचा मिक्स्चर स्क्रू (लो रेसचं पेट्रोल-हवेचं प्रमाण ठरवणारा) दीड फेरा आत-बाहेर केला तरी इंजिनाला पत्ता लागत नाही.

नवी कॉइल टाकू, की आधी कार्ब उघडू?

फीलरगेज
दोन्ही थांबवा. ५ पीएसआयचा फरक काहीच नाही, १० टक्क्यांच्या आत असला की रिंग आणि व्हॉल्व्ह तूर्त बाजूला ठेवता येतात. टॅपेट (व्हॉल्व्हची फट) मात्र थंड इंजिनावर मोजून घ्या, आणि आकडा १९७८च्याच मॅन्युअलमधला घ्या. या मॉडेलचं क्लिअरन्स वर्षागणिक बदललेलं आहे.

कॉइल न विकत घेता तपासता येते. इथे लोक एक चूक हमखास करतात: नुसत्या प्लगच्या वायरी अदलाबदल करतात. या इंजिनाचे दोन्ही पिस्टन एकत्र वर येतात, पण एक कॉम्प्रेशनवर असतो तेव्हा दुसरा एक्झॉस्ट संपवत असतो. नुसत्या प्लग वायरी बदलल्या तर ठिणगी चुकीच्या फेऱ्याला पडणार आणि गाडी चालूच होणार नाही. प्लग वायरींबरोबर पॉइंटकडून कॉइलला येणाऱ्या दोन्ही वायरीही बदला. आता डावी कॉइल उजव्या सिलिंडरचं काम करेल. दोष उजवीकडे गेला तर कॉइल, प्लग वायर किंवा कॅप. डावीकडेच राहिला तर कॉइल निर्दोष.

कंडेन्सर कनेक्टरच्या कुठल्या बाजूला जोडलाय तेही आधी बघून ठेवा. पॉइंटच्या बाजूला असेल तर तो जागेवरच राहील, कॉइलच्या बाजूला असेल तर कॉइलबरोबर सरकेल. नव्या ब्रॅकेटवर बसवलाय म्हणालात, म्हणून सांगतो: कंडेन्सरच्या बॉडीला अर्थ लागतो. ब्रॅकेट रंगवलेला असेल तर तो नुसता लटकतोय असं समजा. पॉइंट उघडताना भरपूर स्पार्किंग होईल, टोकं जळतील आणि प्लगला ठिणगी अशक्त येईल. ब्रॅकेट आणि बॅटरी निगेटिव्हमध्ये मल्टिमीटर लावा, रीडिंग जवळपास शून्य ओहम यायला हवं.

एक सिलिंडर बंद करून बघायचा असेल तर प्लग वायर मोकळी सोडू नका, जादा प्लग लावून इंजिनाला टेकवा. उघड्या वायरीने कॉइलचं इन्सुलेशन आतून फाटतं.

जेट_आणि_नीडल
इग्निशनची वरची तपासणी करायला हरकत नाही, पण माझा पैसा हवेच्या गळतीवर. पांढुरका प्लग, सोडल्यावर फटाके, मिक्स्चर स्क्रूला दाद नाही, ही सगळी डाव्या बाजूला लो रेसला पेट्रोल कमी किंवा हवा जास्त असल्याची लक्षणं. अशक्त ठिणगीने प्लग सहसा काळा आणि ओला होतो.

आता ३५००ला ठीक का? लो रेसला बटरफ्लाय (कार्बमधली हवेची झडप) जवळजवळ बंद असतो. सिलिंडर जी थोडीशी हवा ओढतो तिच्यात सुईएवढ्या भोकातून येणारी हवासुद्धा मिश्रण बिघडवते. थ्रॉटल उघडला की एकूण हवा कित्येक पट होते आणि तीच गळती त्यात बुडून जाते.

पहिला संशय कॉकवर. मूळ कॉक व्हॅक्यूमवर चालायचा, म्हणजे मॅनिफोल्डवर (कार्ब आणि हेड जोडणारा भाग) त्याची निपल (नळी लावायचं छोटं तोंड) असणार. ती कशाने बुजवली आहे? रबरी टोपी असेल तर काढून वाकवून बघा. इंजिनाच्या उष्णतेने ती तळाशी चिरते आणि वरून धडधाकट दिसते. मग मॅनिफोल्डचं रबर, विशेषतः हेडला चिकटणारी बाजू. स्प्रे बाटलीत साधं पाणी घेऊन बारीक फवारा. रेस बदलली तर गळती तिथेच. तापलेल्या पाइपाजवळ कार्ब क्लीनर मारण्यापेक्षा हे शहाणपणाचं. पंखा समोर लावा, हे इंजिन हवेवर गार होतं.

गळती सापडली नाही तर पायलट जेट (लो रेसला पेट्रोल सोडणारा बारीक भोकाचा जेट). उजेडासमोर धरून भोक पूर्ण गोल दिसलं पाहिजे. साफ करायला तांब्याच्या वायरीची एक तार, स्टीलची पिन अजिबात नको.

स्लाइड_वर
पॉड फिल्टरांचा विषय राहिला. बीएस ३८च्या तोंडाशी छोटी भोकं असतात, एअर जेटची आणि डायफ्रामखाली (कार्बची स्लाइड उचलणारा रबरी पडदा) हवा नेणारी. काही पॉडचा रबरी ओठ जाड असतो आणि फिल्टर जास्त आत ढकलला की त्यांच्यावर बसतो. दोन पॉड कमीजास्त आत गेले असतील तर डावं-उजवं वेगळं वागणारच. फिल्टर काढून ओठावर उमटलेला ठसा बघा.

बॅफल नसल्याचा दोष दोन्ही बाजूंना सारखाच लागतो, तो इथे शोधू नका. पण डाव्या बेंड पाइपचा हेडजवळचा गॅस्केट बघा. तिथून हवा शिरली तरी फटाके येतात, मात्र त्याने लो रेसला सिलिंडर मरत नाही.

पॅरलल_ट्विन
कॉइल अदलाबदल: दोष डावीकडेच. कंडेन्सरचा ब्रॅकेट: ० ओहम.

डाव्या निपलची टोपी वाकवली तर तळाशी अर्धगोल चीर. टोपी काढून निपलवर बोट दाबलं, रेस १२००वरून १६००ला गेली आणि डावा पाइप मिनिटभरात तापला. मिक्स्चर स्क्रूलाही आता प्रतिसाद आहे. डावा पॉड उजव्यापेक्षा ४ मिमी आत होता, एक भोक अर्धं झाकलेलं. स्ट्रोब (टायमिंग बघायचा लुकलुकणारा दिवा) लावला तर उजवा खुणेवर, डावा थोडा मागे.

फीलरगेज
मग क्रम असा ठेवा. दोन्ही पॉइंटचं गॅप आधी, ०.३ ते ०.४ मिमी, कारण गॅप वाढवलं की टायमिंग पुढे सरकतं. नंतर गॅपला हात लावलात तर टायमिंग पुन्हा करावं लागेल. उजव्याचं टायमिंग मुख्य प्लेट फिरवून, त्यानंतर डाव्याचं खालच्या अर्ध्या प्लेटवर. रोटरवरची (ऑल्टरनेटरचा फिरणारा भाग) खूण दोघांना एकच आहे, फक्त स्ट्रोबची क्लिप या वायरवरून त्या वायरवर न्यायची. खूण एका जागी न थांबता थरथरत असेल तर ॲडव्हान्स रॉडचे (रेसप्रमाणे टायमिंग पुढे नेणारा दांडा) बुश झिजलेत, प्लेट कितीही फिरवली तरी ती थांबणार नाही.

जेट_आणि_नीडल
टोप्या दोन्ही बाजूंच्या नव्या घ्या, क्लिपसकट. पण बसवण्याआधी त्याच निपलना व्हॅक्यूम गेज लावून दोन कार्बमधला सिंक स्क्रू (दोन्ही बटरफ्लाय सारखे उघडण्यासाठीचा) जुळवा. गेज नसेल तर चार मीटर पारदर्शक नळी यू आकारात फळीवर बांधा, मध्ये टू-स्ट्रोक ऑइल. ज्या बाजूला तेल चढेल तिथे व्हॅक्यूम जास्त, म्हणजे तो बटरफ्लाय कमी उघडा. फरक जास्त असेल तर तेल सरळ सिलिंडरात ओढलं जाईल, तेव्हा एक हात किल स्विचवर राहू द्या.