पोलीस ठाण्याची पायरी पहिल्यांदा चढले, पण "चोरी" लिहू दिलं नाही

पावसाळी_दुपार:
परवा इथे एकाने लिहिलं की पासपोर्टच्या व्हेरिफिकेशनला हवालदार घरी आले, दहा मिनिटांत काम झालं, चहा घेऊन गेले. इथवर ठीक. पण शेवटी त्याने जोडलं, "ज्यांना पोलिसांची भीती वाटते, त्यांच्याच मनात खोट असते." दोन दिवस हे वाक्य डोक्यातून जात नाहीये, म्हणून सविस्तर लिहिते.

माझा पोलिसांशी पहिला संबंध 2018 मध्ये आला. नोकरीचा तिसरा महिना, हप्त्यावर घेतलेला फोन. बेस्टच्या बसमधून उतरले तर पर्सची चेन उघडी आणि फोन गायब. जवळच्या ठाण्यात गेले. "बस कुठे पकडली? मग तिकडची हद्द." तिकडे गेले. "उतरलात तिथे कळलं ना? मग तिकडचीच." परत पहिल्या ठाण्यात पोचेपर्यंत रात्रीचे साडेदहा वाजले होते.

ठाणे अंमलदारांनी कोरा कागद दिला. मी लिहिलं, "माझा मोबाईल चोरीला गेला आहे." त्यांनी निळ्या पेनाने "चोरीला गेला" या शब्दांवर आडवी रेघ मारली, वर "गहाळ झाला" लिहिलं आणि दुसरा कोरा कागद पुढे सरकवला. खाडाखोड चालत नाही म्हणे, नीट उतरवून काढा. का, असं विचारलं तर म्हणाले, "चोराला बघितलंत?" नाही. "मग?"

त्या "मग?"पुढे मी गप्प झाले. लिहिलं, सही केली. कुणी शिवी दिली नाही, कुणी पैसे मागितले नाहीत. पण जे घडलं नव्हतं त्यावर मी सही करून आले, तीही पोलीस ठाण्यात बसून. तेव्हापासून खाकी दिसली की माझ्या पोटात गोळा येतो. यात माझ्या मनात कसली खोट आहे, ते त्या भाऊंनी सांगावं.

वरळीकर_स:
ताई, तुमचा फोन गेला याचं वाईट वाटलं. पण आता दुसरी बाजू ऐका. माझे बाबा हवालदार म्हणून निवृत्त झाले. वरळीच्या सरकारी बीडीडी चाळीत 160 फुटांच्या खोलीत आम्ही सहा जण, मजल्यावर सामायिक संडास. आठ तासांच्या ड्युटीचा प्रयोग 2016 मध्ये देवनारला सुरू झाला तेव्हा बाबांनी ती बातमी कापून कपाटाच्या दाराला चिकटवली होती. निवृत्त होईपर्यंत त्यांच्या वाट्याला काही ती ड्युटी आली नाही. अनंत चतुर्दशीला सकाळी गेलेला माणूस दुसऱ्या दिवशी दुपारी यायचा, बूट काढताना मोज्याला पायाची साल चिकटलेली असायची. त्या अंमलदाराच्या ड्युटीचा त्या रात्री कितवा तास होता, हे तुम्ही विचारलंत का?

आणि गहाळच्या दाखल्यावर नवीन सिम मिळालंच असेल. मग अडलं कुठे?

लालबागचा_नातू:
160 फुटांचं आम्हाला सांगू नका. चाळीच्या पुनर्विकासात त्याच खोलीच्या बदल्यात तुम्हाला 500 फुटांचं घर 15 लाखांत मिळतंय. ती सरकारी क्वार्टर होती, मालकीची नव्हे. आमच्या आजोबांची गिरणी 1982 च्या संपात बंद पडली ती कायमची. गिरण्यांच्या जमिनीवर टॉवर उभे राहिले, लाखाहून जास्त कामगार आणि वारस अजून घराची वाट बघतायत, आणि आम्हाला आता मुंबईबाहेर लांबचं शेलू नि वांगणी दाखवतात. वरळीत राहणाऱ्याने रडगाणं गाऊ नये.

वरळीकर_स:
रडगाणं? त्या घराचे सरकारने आधी 50 लाख सांगितले होते, मग 25, आणि 2022 मध्ये 15 वर आले. निवृत्त हवालदाराने 50 लाख कुठून आणायचे होते? मोर्चे काढले तेव्हा कुठे आकडा खाली आला. शेजारच्या खोलीतल्या सामान्य रहिवाशाला मात्र फुकट. तीस वर्षं या शहराची राखण करून पैसे भरणारे आम्हीच!

लालबागचा_नातू:
शेजारचा रहिवासी भाडेकरू होता, तुमचे बाबा नोकरीच्या खोलीत होते. फरक कळत नसेल तर बोलणं खुंटलं. आणि आजोबांचा पोलिसांशी पहिला संबंध कसा आला ते ऐका. संपाच्या मोर्चात लाठी बसली, डाव्या हाताचं मनगट कायमचं वाकडं झालं. जेवताना ताट डाव्या हाताने धरता यायचं नाही. मारणारा बहुधा तुमच्याच चाळीत राहत असेल.

वरळीकर_स:
तोंड सांभाळून बोला. माझे बाबा तेव्हा शाळेत होते.

जुना_नायगावकर:
दोघेही थांबा. माझं वय 71. तुम्ही ज्या वर्षावरून भांडताय, त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मुंबईच्या पोलीस शिपायांनी बंड केलं होतं. मागण्या त्याच, ड्युटीचे तास, घरं, साहेब लोकांची घरगडी समजून वागवण्याची रीत. सरकारने त्यांची संघटना मोडली, लष्कर बोलावलं. त्या दिवशी नायगाव-वरळीत गिरणी कामगार शिपायांच्या बाजूने रस्त्यावर होते. आमच्या चाळीतून पोलीस लाइनीत भाकऱ्या गेल्या, मी स्वतः टोपली उचलली आहे. त्यानंतर शिपायाला संघटना राहिली नाही. त्याचं ऐकणारं कुणी नाही, आणि तो समोरच्याचं ऐकत नाही.

लालबागचा_नातू:
काका, हे मला माहीत नव्हतं. आजोबा कधी बोलले नाहीत. वरळीकर, तुमच्या बाबांबद्दल लिहिलं ते मागे घेतो. घराबद्दलचं मात्र घेत नाही.

कोर्टबाजू:
मूळ प्रश्न वाहून गेला. "अडलं कुठे" याचं उत्तर देतो, कारण हा प्रश्न मला रोज ऐकावा लागतो. गहाळच्या दाखल्याने सिम मिळतं, फोन ब्लॉकही करता येतो. पण त्यावर चोरीचा तपास होत नाही, कारण दप्तरी गुन्हाच घडलेला नसतो. उद्या चोर शंभर फोनांसह पकडला गेला तरी यांचा फोन चोरीचा माल म्हणून ओळखायला कागद कुठे आहे? अशी चोरी दखलपात्र आहे, म्हणजे पोलिसांना कोर्टाच्या परवानगीविना तपास करता येतो. दखलपात्र गुन्ह्याची माहिती दिली की एफआयआर घ्यावाच लागतो, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने 2013 मध्ये ललिता कुमारी प्रकरणात सांगून ठेवलंय. चोर बघितला पाहिजे अशी अट कुठेच नाही. हद्दीचं कारणही चालत नाही. 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 मध्येच लिहिलंय की गुन्हा कुठल्याही हद्दीत घडो, माहिती घ्यायची. अंमलदार दमलेला असेल, मान्य. पण दमलेला माणूस कमी लिहितो. तो "चोरी" खोडून "गहाळ" लिहीत बसत नाही. गुन्ह्यांचा आकडा वाढला की वरिष्ठांपुढे जाब द्यावा लागतो, म्हणून ती रेघ मारली जाते.

पावसाळी_दुपार:
ड्युटीच्या तासांचं मी खरंच विचारलं नव्हतं, हे कबूल. पण मला कोण विचारणार होतं, की पोरी, साडेदहा वाजलेत, घरी कशी जाशील?

वरळीकर_स:
कालपासून काही लिहिलं नाही, कारण हे सगळं बाबांना वाचून दाखवलं. मला वाटलं चिडतील. चष्मा काढून बराच वेळ बसले. मग म्हणाले, "आम्हीपण गहाळच लिहून घ्यायचो. महिनाअखेरीला तर एकही चोरी वर जाऊ द्यायची नाही, असं तोंडी सांगितलेलं असायचं." लिहून दिलेला आदेश कधीच नसायचा, हेही म्हणाले. मी तुमच्याशी पूर्ण सहमत नाही. पोराबाळांची शाळा त्या नोकरीवर असते, तोंडी आदेशही मोडता येत नाही. पण अडलं कुठे, असं मी विचारायला नको होतं.

तिसरी_सीट:
मध्येच विचारते. मंगळवारी संध्याकाळी बसस्टॉपवर आईच्या गळ्यातली चेन ओढून दोघे बाईकवरून पळाले. मानेवर अजून लाल वळ आहे. तिच्याकडूनही "गहाळ"वरच सही घेतली. आता काही होईल का?

कोर्टबाजू:
होईल. हिसकावून नेणं हा आता भारतीय न्याय संहितेत वेगळा गुन्हा आहे, कलम 304, आणि तो दखलपात्र आहे. काय घडलं ते आईच्या शब्दांत लिहून घ्या, वळाचा फोटो काढा, सरकारी रुग्णालयात दाखवा. ठाण्यात अर्ज देऊन पोच मागा. नाही घेतला तर तोच अर्ज परिमंडळाच्या पोलीस उपायुक्तांना पोस्टाने पाठवा, कलम 173 मध्येच ती सोय आहे. तिथेही काही झालं नाही तर दंडाधिकारी आहेत.

वरळीकर_स:
दुपारी जा. सकाळी हजेरी नि कोर्टाची धावपळ असते. बाबा म्हणाले, मी येऊ का विचार.

पावसाळी_दुपार:
शनिवारी मला सुट्टी आहे, मीही येते. आईंना सांगा, पहिला कागद घरूनच लिहून आणायचा. ठाण्यात गेल्यावर कुणी पेन हातात घेतलं तर कागद सोडायचा नाही.