पाहणी, अभ्यास, प्रयोग: कोणता शब्द कुठे?

प्रश्न: बातम्यांत कधी 'पाहणीत आढळले' असते, कधी 'अभ्यासात दिसले', तर कधी 'प्रयोगाने सिद्ध'. संख्याशास्त्रात हे शब्द एकाच अर्थाने चालतात का?

उत्तर: मुळीच नाही. 'अभ्यास' सगळ्यांना सामावून घेतो. बाकीच्यांचे अर्थ ठरलेले आहेत. पाहणी किंवा सर्वेक्षण म्हणजे आहे ते मोजणे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातून किती मुलांची उंची वयाच्या मानाने कमी आहे ते कळते. ती कशामुळे कमी राहिली, हे तेवढ्यावरून ठरत नाही.

कारणाचा माग काढायचा, पण कोणाच्या वाट्याला काय यावे यात हात घालायचा नाही, तो निरीक्षणात्मक अभ्यास. रिचर्ड डॉल आणि ब्रॅडफर्ड हिल या ब्रिटिश संशोधकांनी लंडनच्या रुग्णालयांत फुप्फुसाचा कर्करोग झालेल्यांना आणि इतर रुग्णांना सिगारेटची सवय विचारली. निष्कर्ष १९५० साली छापले. हा रोगाकडून सवयीकडे, म्हणजे मागे जाणारा अभ्यास. १९५१ पासून त्यांनी ब्रिटिश डॉक्टरांची सवय आधी नोंदवली आणि कोण कशाने दगावतो ते पुढे अनेक वर्षे पाहिले. सिगारेट कोणालाच ओढायला लावली नव्हती, म्हणून याला 'प्रयोग' म्हणू नये. पण प्रयोग नाही म्हणून पुरावा कच्चा, असेही समजू नये. सिगारेटचा दोष पक्का झाला तो अशाच अभ्यासांतून.

प्रश्न: मग गडचिरोलीतला बंग दाम्पत्याचा नवजात बालकांचा अभ्यास?

उत्तर: तो प्रयोगच, नेमके सांगायचे तर क्षेत्रीय चाचणी. ३९ गावांत घरी जाऊन बाळांची काळजी घेण्याची व्यवस्था संशोधकांनी स्वतः उभी केली आणि ४७ गावांशी तुलना केली. १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांनी नवजात मृत्युदरात सुमारे ६२ टक्के घट नोंदवली. मात्र गावांची वाटणी यादृच्छिक, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारखी केवळ योगायोगावर सोडलेली, नव्हती.

खरा घोळ याच 'यादृच्छिक' शब्दात आहे. आरोग्य सर्वेक्षणात कुटुंबांची निवड यादृच्छिक असते, वाटप कसलेच नसते. उलट १९४८ च्या स्ट्रेप्टोमायसिन चाचणीत क्षयाचे १०७ रुग्ण ठरावीक निकष लावून घेतले होते. औषध कोणाला द्यायचे, एवढेच यादृच्छिक आकड्यांवरून ठरले. निवडीमुळे निष्कर्ष सगळ्या लोकसंख्येला लावता येतो, वाटपामुळे कारणाबद्दल बोलता येते. म्हणून नुसते 'यादृच्छिक अभ्यास' न लिहिता 'यादृच्छिक निवड' की 'यादृच्छिक वाटप' ते स्पष्ट लिहावे.