मदत हवी आहे: एक्सएसएलटीमधली अट लागतच नाही (तातडीचे)

घायकुता:
एक्सएमएलमध्ये वस्तूंची यादी आहे, तिला एक्सएसएलटी स्टाइलशीट (यादीचं पान कसं करायचं ते सांगणारी फाइल) लावून वेब पान बनवतोय. वस्तू उपलब्ध नसेल तर 'संपली' यायला हवं, असेल तर 'मागवा'. इफ लावलाय, तरी सगळीकडे 'मागवा'च. एल्स, म्हणजे 'नाहीतर'चा भाग, कुठे लिहितात? शिवाय कोडचा जुना तुकडा कमेंटमध्ये घालून बंद केला की अख्खं पानच जातं. आज द्यायचंय, लवकर सांगा.

निळी_शाई:
कोड कुठाय? इफच्या टेस्टमध्ये, म्हणजे अटीत, काय लिहिलंय? ब्राउझरमध्ये चालवताय की सर्व्हरवर? 'पान जातं' म्हणजे पांढरं होतं की एरर दिसते?

जुने_खोड:
एल्स शोधू नका, तो नाहीच. एक्सएसएल:चूज घ्या, आत हवे तितके व्हेन, शेवटी ऑदरवाइज. जो व्हेन आधी खरा ठरेल तो चालतो, पुढचे तपासलेही जात नाहीत. 1999 पासून हे असंच आहे.

नवा_गडी:
अजून एक्सएसएलटी? क्रोम ते काढून टाकणार असल्याचं 2025 मध्येच जाहीर झालंय. यादी जेसनमध्ये (डेटा लिहायची दुसरी पद्धत) घ्या आणि सुटा.

जुने_खोड:
त्यांना आज काम द्यायचंय, तुम्ही घर बदलायला सांगताय. आणि निघणार ते ब्राउझरमधलं. सर्व्हरवर एचटीएमएल करून पाठवलं तर क्रोमचा काय संबंध?

घायकुता:
चूज लावलं, तरी तेच. व्हेनमध्ये टेस्ट="@उपलब्ध" आहे. ब्राउझरमध्येच बघतोय.

निळी_शाई:
आणि फाइलमध्ये त्या ॲट्रिब्यूटमध्ये, म्हणजे वस्तूच्या टॅगमधल्या 'उपलब्ध'पुढे, काय लिहिलंय?

घायकुता:
अर्थात 'ट्रू' नाहीतर 'फॉल्स'. अजून काय असणार?

सदाफुली:
मग टेस्ट="@उपलब्ध = ट्रू()" करा. मी नेहमी तसंच लिहिते.

निळी_शाई:
नका करू, काही फरक पडणार नाही. नुसतं @उपलब्ध म्हणजे 'हे ॲट्रिब्यूट आहे का' एवढाच प्रश्न. आत 'फॉल्स' लिहिलेलं असलं तरी ॲट्रिब्यूट आहेच, म्हणून उत्तर हो. ट्रू() शी तुलना केली तरी एक्सएसएलटी 1.0 मध्ये आधी तेच 'आहे का' तपासलं जातं. मजकुराशी तुलना करा: टेस्ट="@उपलब्ध = 'ट्रू'". आतली एकेरी अवतरणं विसरलात तर तो ट्रू नावाचं एलिमेंट (टॅग) शोधत बसेल.

सदाफुली:
माझं तर चालतं.

निळी_शाई:
तुमच्या फाइलमध्ये उपलब्ध नसलेल्या वस्तूंना ते ॲट्रिब्यूटच नसेल. मग चालणारच.

माळ्यावरचा:
कमेंटमध्ये अट घालायची असेल तर इंटरनेट एक्सप्लोररसाठी इफ आयई वाली कमेंट असायची. आवृत्ती 10 पासून ती बंद झाली. जुन्या पानांत अजून सापडते.

जुने_खोड:
हे कोणी विचारलं होतं?

घायकुता:
अवतरणं घातली, 'संपली' आलं! पण कमेंटचं काय? एरर येते, डबल हायफन असं काहीतरी.

निळी_शाई:
जुन्या तुकड्यात आधीच एखादी कमेंट असणार. कमेंटच्या पोटात कमेंट चालत नाही, सलग दोन हायफनही नाहीत. टेम्प्लेटच्या (स्टाइलशीटमधला पानाचा साचा) आतला तुकडा असेल तर त्याला एक्सएसएल:इफ टेस्ट="फॉल्स()" चं वेष्टण घाला. तुकडा तसाच राहील, आतल्या कमेंटसकट, आणि कधीच चालणार नाही. पूर्ण टेम्प्लेट मात्र असं बंद करता येत नाही, टेम्प्लेटबाहेर इफ लिहायची परवानगीच नाही.

जुने_खोड:
आणि स्टाइलशीटमधली साधी कमेंट तयार पानात उतरत नाही. तिथे हवी असेल तर एक्सएसएल:कमेंट लिहा. आत व्हॅल्यू-ऑफसुद्धा (फाइलमधला मजकूर छापणारा) चालतो, म्हणजे कुठल्या वस्तूवर कुठला व्हेन लागला ते पानाच्या सोर्समध्ये दिसतं. मी तर चूज लिहिला की पहिलं हेच करतो.

घायकुता:
इफ फॉल्स() चाललं. आता नग 5 पेक्षा कमी असतील तर 'थोडेच उरले' दाखवायचंय. टेस्टमध्ये < टाकलं की पुन्हा पान गेलं!!

सदाफुली:
ॲट्रिब्यूटमध्ये ती खूण तशीच लिहायची नसते. ॲम्परसँड, एलटी, अर्धविराम असं लिहा. नाहीतर सरळ उलटं करा, 5 > @नग. ही खूण चालते. हे तरी माझं बरोबर आहे ना, निळी_शाई?

निळी_शाई:
हो, बरोबर. फक्त तो व्हेन 'मागवा'च्या वर ठेवा, नाहीतर त्याची पाळीच येणार नाही. अटीत 'ट्रू'ची तुलनाही जोडा, नाहीतर संपलेल्या वस्तूंपुढेही 'थोडेच उरले' येईल.