मैलात ५२८० फूटच का? 'माइल' शब्दाचं मूळ काय?

वाटसरू७४ (प्रश्न):

नमस्कार मंडळी. बरेच दिवस डोक्यात घोळतंय म्हणून विचारतो. किलोमीटर म्हणजे हजार मीटर, सरळ हिशोब. पण मैल म्हणजे ५२८० फूट, म्हणजे १७६० यार्ड, हे आकडे कुणी ठरवले आणि कशावरून? डिक्शनरीत बघितलं तर माइल हा शब्द लॅटिनमधल्या हजार या अर्थाच्या शब्दावरून आलाय असं दिलंय. आता हजार कसले? फूट घ्या, यार्ड घ्या, हजाराचा कुठे पत्ताच नाही. त्यात सागरी मैल आणखी वेगळा. कुणाला माहिती असेल तर सविस्तर लिहा, नुसती लिंक टाकू नका प्लीज.

जुनी_पोथी:

हजार म्हणजे हजार पावलं. रोमन लोक 'मिले पासूस' म्हणायचे, त्यातलं पासूस बोलता बोलता गळलं आणि नुसतं हजार उरलं, तेच पुढे अंतराचं नाव झालं. पण इथे एक मेख आहे, पासूस म्हणजे आपलं एक पाऊल नाही. डावा पाय टाकला, उजवा टाकला, मग पुन्हा तोच डावा जमिनीला लागला की एक पासूस. ते धरलं होतं पाच रोमन फुटांचं, म्हणून रोमन मैल बरोबर ५००० फुटांचा. त्यांचा फूट आजच्यापेक्षा जरा आखूड, साधारण साडेएकोणतीस सेंटीमीटर, त्यामुळे त्यांचा मैल आपल्या १४८० मीटरच्या आसपास जातो. सैन्य कूच करताना किती चाल झाली हे मोजायला हे माप सोयीचं, आणि रस्त्याच्या कडेला दर मैलाला दगड रोवायची पद्धतही त्यांचीच. ऑगस्टसने इसवी सन पूर्व २० मध्ये रोमच्या भर चौकात, फोरममध्ये, एक सोनेरी मैलस्तंभ उभा केला होता.

ब्रिटनवर रोमन लोकांनी साडेतीनशेहून जास्त वर्षं राज्य केलं, ते गेले पण माप राहिलं. आता ५००० चे ५२८० कसे झाले ते बघा, मला तरी या सगळ्यातला हाच भाग सगळ्यात भारी वाटतो. इंग्लंडच्या शेतकऱ्याचं स्वतःचं माप होतं, फर्लांग. आपले आजी-आजोबा 'इथून दोन फर्लांगावर' म्हणायचे ना, तोच. त्याचा मूळ अर्थ नांगराच्या एका तासाची, म्हणजे नांगराने काढलेल्या एका सरीची लांबी. तिकडे जमीन चिकट आणि नांगर जड, त्याला आठ-आठ बैल जुंपायचे, आणि एवढं लटांबर बांधावर वळवायचं म्हणजे मोठी खटपट, म्हणून शेतं अरुंद आणि लांबच लांब आखायची म्हणजे कमी वेळा वळावं लागतं. बैल एका दमात जेवढं तास ओढतील तेवढा फर्लांग, तो पुढे ६६० फुटांवर पक्का झाला. सगळ्या जमिनीची मोजणी आणि मालकीची कागदपत्रं या मापावर, त्यामुळे फर्लांगाला हात लावायची कुणाची टाप नव्हती, लावला असता तर गावोगावी भांडणं लागली असती. मैलाला तसा कुणी मालक नव्हता. मग १५९३ मध्ये पहिल्या एलिझाबेथ राणीच्या पार्लमेंटने मैलालाच ताणून बरोबर आठ फर्लांगांचा केला. गंमत म्हणजे तो कायदा मापांचा नव्हताच, लंडनमधली गर्दी आवरण्यासाठी शहराच्या वेशीपासून तीन मैलांच्या आत नवी घरं बांधायला बंदी करणारा होता. मग तीन मैल म्हणजे नक्की किती हे लिहिणं भाग पडलं. आठ फर्लांगांचा मैल, चाळीस काठ्यांचा फर्लांग आणि साडेसोळा फुटांची काठी. करा गुणाकार, ५२८० येतात.

शंकूसाखळी:

वरचं उत्तर मस्त. मी मोजणीच्या कामातला माणूस, त्यामुळे थोडी भर घालतो. १६२० च्या सुमारास एडमंड गुंटर नावाच्या इंग्रज गणितज्ञाने ६६ फुटांची, शंभर कड्यांची साखळी काढली. दहा साखळ्या म्हणजे एक फर्लांग, ऐंशी म्हणजे मैल, आणि एक साखळी रुंद, एक फर्लांग लांब असा पट्टा म्हणजे एक एकर. क्रिकेटचं पिच २२ यार्डांचं, म्हणजे बरोबर एक साखळी. ८० पिचं टोकाला टोक लावून ठेवली की एक मैल.

आणि हे आपल्या सातबाऱ्यापर्यंत आलेलं आहे. गुंठा म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट, १०८९ चौरस फूट. तो ३३ म्हणजे गुंटरच्या साखळीचा अर्धा. चाळीस गुंठ्यांचा एकर धरून गुणा, ४३५६० चौरस फूट येतात आणि तेवढाच एकर इंग्लंडमध्ये. आपल्याकडची मोजणीची शंकू साखळीही ३३ फुटीच, तिचे सोळा भाग आणि प्रत्येक भागाला आणा म्हणायचं. आता मशीनने मोजणी होते, उतारा हेक्टर-आरमध्ये येतो, पण गावात व्यवहार ठरतो तो गुंठ्यातच. गुंठ्याचा भाव विचारणाऱ्याला सांगितलं की हा हिशोब इंग्रज शेतकऱ्याच्या नांगराला जाऊन मिळतो तर तो बघतच राहतो.

वाटसरू७४:

अरे बापरे, गुंठ्याचं हे कनेक्शन अजिबात माहीत नव्हतं. दोघांचेही मनापासून आभार. आता सागरी मैलाचं कुणीतरी सांगा, तो पण फर्लांगातूनच निघाला का?

दर्यावर्दी_रत्नागिरी:

नाही, त्याचा नांगराशी काही संबंध नाही. नाव मैलाचं घेतलं पण माप पृथ्वीवरून काढलं. पृथ्वीचा घेर ३६० अंश, एका अंशाचे ६० मिनिटं, असं एक मिनिट अक्षांश म्हणजे एक सागरी मैल. नकाशाच्या कडेलाच अक्षांश छापलेले असतात त्यामुळे कर्कटकाने अंतर उचललं आणि कडेला लावलं की झालं, वेगळी पट्टी लागत नाही. पण पृथ्वी ध्रुवांकडे थोडी चपटी, म्हणून विषुववृत्तावर ते मिनिट सुमारे १८४३ मीटर भरतं आणि ध्रुवाजवळ १८६२ च्या जवळपास. म्हणून १९२९ मध्ये मोनॅकोच्या परिषदेत सरळ १८५२ मीटर ठरवून टाकलं.

नॉट हे जहाजाच्या वेगाचं माप, म्हणजे तासाला एक सागरी मैल, आणि तो शब्द खऱ्या गाठीवरूनच आलाय. लाकडाचा तुकडा दोरीला बांधून मागे पाण्यात सोडायचा, दोरीवर दर ४७ फूट ३ इंचांवर गाठ, आणि २८ सेकंदांची वाळूची घटिका रिकामी होईपर्यंत हातातून किती गाठी सरकल्या ते मोजायचं. जेवढ्या गाठी तेवढे नॉट. आपल्याकडे राज्याची मासेमारीची हद्द १२ सागरी मैल आहे, म्हणजे २२ किलोमीटरच्या थोडं वर, त्यामुळे बंदरावर हा शब्द रोजचा आहे. साधा मैल समजून कुणी हिशोब केला तर हद्द १९ किलोमीटरवरच संपते, एवढा फरक पडतो.

स्टॉकहोमकर:

इकडे स्वीडनमध्ये 'मील' म्हणजे चक्क दहा किलोमीटर! जुना स्वीडिश मैल साडेदहा किलोमीटरहून थोडा जास्तच होता, मेट्रिक आल्यावर तो दहावर आणला पण नाव सोडलं नाही. गाडी किती पेट्रोल खाते तेही लोक मीलमागे किती लिटर असंच सांगतात. नवीन आलेल्या माणसाला कुणी 'दोन मील आहे' म्हटलं तर त्याने चालत निघू नये.

इंग्रजीतल्या 'एक्स्ट्रा माइल'चाही (म्हणजे मागितल्यापेक्षा जास्त करणं) रोमन सैन्याशीच संबंध आहे. येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनात आहे की कुणी तुला एक मैल वेठीला धरलं तर त्याच्याबरोबर दोन मैल जा. रोमन शिपाई वाटेतल्या माणसाला पकडून ओझं वाहायला लावायचे, ती ही वेठ. आता ऑफिसात अप्रेझलच्या वेळी हा शब्द वापरतात तेव्हा हे कुणाच्या लक्षातही नसतं, पण मला मूळचा अर्थ फार मोठा वाटतो, जुलमाने घेतलेलं एक मैल आणि स्वतःच्या मर्जीने दिलेलं दुसरं.

जुनी_पोथी:

@स्टॉकहोमकर सुंदर. @वाटसरू७४ मुंबईत असाल तर एक काम करा. इंग्रजांनी १९व्या शतकात फोर्टमधल्या सेंट थॉमस चर्चपासून अंतर मोजून काळ्या बेसॉल्टचे मैलाचे दगड बसवले होते, त्यातले काही अजून आहेत, काही रस्त्याची उंची वाढत गेल्याने फुटपाथखाली गाडले गेले होते ते महापालिकेने बाहेर काढले. दादर-परळकडे बघायला मिळतात, मैलांचा आकडा रोमन अंकांत कोरलेला आहे. फोटो काढलात तर इथे टाका.