मदत हवी आहे: कुइंब्राला रात्री उतरल्यावर पुढे काय?

नमस्कार मंडळी. फोंड्याहून चौघे पोर्तुगालला जाताहेत, दोघे सत्तरीपुढचे. लिस्बन विमानतळाहून तांबड्या मेट्रोने ओरिएंत तिसरंच स्टेशन, तिथून कुइंब्राची रेल्वे. पासष्टीवरच्यांना पासपोर्ट दाखवून अर्धं तिकीट. इथवर ठीक.

घोळ पुढे आहे. लांब पल्ल्याच्या गाड्या गावाबाहेरच्या कुइंब्रा-बी स्टेशनला थांबतात. गोव्यात थिवी स्टेशनला उतरून म्हापसा शहर गाठावं तसं. फक्त अंतर कमी, दोनेक किलोमीटर. १५३७ पासून तिथे नांदणाऱ्या विद्यापीठाचं गाव बघायला उतरायचं आणि समोर नुसता फलाट, त्यात रात्र. हिरमोड ठरलेलाच! पूर्वी लोकल बदलून मध्यवर्ती कुइंब्रा-एला जाता यायचं. ते स्टेशन जानेवारी २०२५ मध्ये बंद झालं. जुन्या माहितीवर विसंबणारे इथेच अडकतात.

खोली जुन्या कॅथेड्रलपाशी बघितलीय, वाटेत केब्रा कोश्ताशच्या पायऱ्या. बॅगांची चाकं दगडी फरशीच्या फटींत रुततात, म्हणजे सामान उचलूनच न्यायचं. मालक तिथे राहत नाही, किल्ली दाराजवळच्या पेटीत, तिचा कोड मोबाईलवर. नेट नसेल तर रात्र दारातच, म्हणून स्क्रीनशॉट आधीच काढायला सांगितलाय.

रात्री दहानंतर स्टेशनबाहेर टॅक्सी असते का, की ॲपवरूनच बोलवावी? कॅथेड्रलच्या दारापर्यंत गाडी जाते का? नाहीतर पहिली रात्र खाली बायशात, नदीकाठच्या सपाटीवर काढावी का? कुणाचे सोयरेधायरे तिकडे असतील तर जरा विचारून सांगा.