वर्गात सगळं कळतं, घाटात नुसता काळा दगड दिसतो. फील्डला 'दिसायला' कधी लागतं?

खटावची_पोर

नमस्कार. मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, विषय भूशास्त्र. पुण्यात हॉस्टेलला राहते, गाव खटाव तालुक्यात.

वर्गात मला अडचण नाही. मॅडम फळ्यावर लाव्हाच्या थराचं चित्र काढतात. तळाशी नळ्यांसारखी छिद्रं, मध्ये उभ्या भेगांचा घट्ट काळा खडक, माथ्याला जाळीदार दगड, त्यावर लाल बोलचा, म्हणजे तांबड्या मातकट खडकाचा पट्टा, मग पुढचा थर. हे चित्र मी झोपेतून उठवलं तरी काढीन. प्रॅक्टिकलला ट्रेमध्ये नंबर टाकलेले नमुने असतात. १४ नंबर म्हणजे स्टिल्बाइट हे खनिज, हे मी लांबून सांगते. (आता कळतंय, मी दगड नव्हे, नंबर पाठ केला होता.)

जानेवारीत फील्डला गेलो. घाटातला रस्ता, एका बाजूला डोंगर कापून काढलेला सरळ कातळ. सर म्हणाले, "समोर बघा आणि थर किती ते सांगा." मला एकच दिसला. काळा. शेजारच्या मुलीनं तीन लिहिले म्हणून मीही तीन लिहिले. मध्ये एक तांबडी पट्टी होती, ती मला रस्त्याच्या कामाला आणून टाकलेला मुरूम वाटली. तोच लाल बोल होता, हे बसमध्ये बसल्यावर कळलं.

मग ब्रंटन कंपासनं भेगांची दिशा घ्यायची होती. सगळ्यांचं वाचन जवळपास सारखं, माझं २५ अंशांनी भलतीकडे. तीनदा घेतलं, तीनदा तेच. हॅमर डाव्या हातात धरून मी कंपास बघत होते. सुई लोखंडाकडेच वळणार, आणि हे मला वर्गात कोणी विचारलं असतं तर मी फाडफाड सांगितलं असतं.

दगडाच्या पोकळीत पांढरं काहीतरी चमकत होतं. मी वहीत 'क्वार्ट्झ' लिहिलं. सरांनी त्यावर पातळ केलेल्या हायड्रोक्लोरिक ॲसिडचा एक थेंब टाकला, फसफसलं. कॅल्साइट. तेव्हापासून वर्गात माझं नाव क्वार्ट्झताई.

फील्ड डायरीला २० पैकी ७. खाली लाल शाईत शेरा: "हे पुस्तकात आहे. तुम्ही काय पाहिलंत?"

पुढची ट्रिप मार्चअखेर निघोजला, कुकडीतले रांजणखळगे बघायला. मोबाइलमध्ये मागच्या ट्रिपचे १४० फोटो आहेत, सगळे काळे. तुमच्यापैकी कोणी हे शिकलं असेल तर सांगा, दिसायला लागतं म्हणजे नेमकं काय होतं? की काहींना कधीच दिसत नाही?

भूजलवाला

विहिरींच्या सर्वेक्षणात १६ वर्षं काढली. पहिली पाच मलाही काळा दगडच दिसायचा, फक्त मी ते कबूल करत नव्हतो.

तुझी चूक सांगू? बसमधून उतरून तू थेट कातळाला नाक लावलंस. आधी रस्त्याच्या पलीकडे जा, मिळेल तेवढी लांब. डोंगराची कड बघ. घट्ट खडक असतो तिथे कडा उभा तुटलेला असतो. जाळीदार दगड किंवा लाल बोल असतो तिथे झीज लवकर होते, उतार मंदावतो, माती धरते, गवत-झुडपं उगवतात. म्हणून सह्याद्री पायऱ्यापायऱ्यांचा दिसतो. आपल्या या लाव्हाच्या थरांना 'डेक्कन ट्रॅप' म्हणतात, त्यातला 'ट्रॅप' हा शब्दच स्वीडिश भाषेतल्या जिन्यावरून आलाय, तो शिकवताना मॅडमनी सांगितला असेलच. पायऱ्या मोज, थरांचा पहिला अंदाज लांबूनच येतो. जवळ जायचं ते तो खरा की खोटा हे तपासायला.

मार्च तर झकास. सगळा डोंगर वाळलेला असतो आणि मध्येच आडवी हिरवी रेघ दिसते. तिथे पाणी झिरपतंय. बऱ्याचदा खाली लाल बोल असतो, तो पाणी खाली सोडत नाही.

आणि हॅमर खाली ठेवताना चार पावलं लांब ठेव. कमरेला अडकवलेला पण चालत नाही.

रानवाटा७

मी तर म्हणतो वर्गच बंद करा. अख्खा महाराष्ट्र बेसॉल्टचा, म्हणजे याच काळ्या दगडाचा, आणि पोरं ट्रेमधले दगड बघतात!

शाळामास्तरीण

रानवाटा, अख्खा नाही. नागपूर-भंडाऱ्याकडे आणि दक्षिण कोकणात जाऊन या, वेगळेच खडक भेटतील. आणि वर्ग बंद केलात तर ०.०३ मिलिमीटर जाडीचा खडकाचा काप सूक्ष्मदर्शकाखाली कुठे बघणार, घाटातल्या वडापावच्या टपरीवर? प्लॅजिओक्लेज या खनिजाचे पट्टे तिथेच दिसतात, डोंगरावर नाही.

खटावच्या पोरी, मी २२ वर्षं हा विषय शिकवतेय. सात मार्क मीही दिले असते. चुकांना नाही, 'तीन थर' न बघता लिहिलेस त्याला.

आम्हा शिक्षकांचीही एक लबाडी असते. ट्रेमधला नमुना हा हजारातला एक असतो, निवडून आणलेला. स्टिल्बाइटची कशी छान बांधलेली पेंढी दिसते ना? डोंगरावर तोच अर्धा फुटलेला, मातीनं माखलेला, नखाएवढा असतो. बेसॉल्टही बाहेरून काळा नसतोच नेहमी, तपकिरी साल धरतो. ताजी बाजू फोडून बघायची, मगच नाव द्यायचं. (किल्ल्याच्या तटाला, लेण्याला हॅमर लावायचा नाही. दर वर्षी एक तरी शहाणा लावतो.)

फोटोंचं म्हणशील तर ट्रिपभर मोबाइल पिशवीत ठेव. एका जागी वीस मिनिटं बस आणि पेन्सिलीनं काढ. चित्र वाईट आलं तरी चालेल. काढताना हाताला ठरवावं लागतं की ही रेघ इथे संपते की पुढे जाते, आणि ते ठरवायला डोळ्यांना बघावंच लागतं. फोटो काढताना कोणालाच काही ठरवावं लागत नाही. बाजूला उत्तर दिशा आणि माप. कळलं नाही तिथे 'कळलं नाही' असं लिही, मी त्याला मार्क देते.

भूजलवाला

मास्तरीणबाईंशी सहमत. एक राहिलं. खटाव म्हणालीस ना? घरी विहीर असेल. या दिवसांत पाणी तळाला गेलेलं असतं. दोर बांधून, सोबत माणूस ठेवून उतर. घाटातल्या कातळापेक्षा विहिरीचा काप स्वच्छ असतो, आणि ज्यानं ती खणली त्याला विचार. आमच्या खात्यात निम्मे शब्द आम्ही त्या लोकांकडूनच घेतलेत.

खटावची_पोर

शनिवारी गावी आले, रविवारी सकाळी उतरले. लांब लिहितेय, माफ करा.

विहीर चुलतआजोबांची, आप्पांची. बहात्तरच्या दुष्काळात खोल केलेली, तेव्हा ते स्वतः सुरुंगाची भोकं पाडायला होते. मी कंपास, भिंग, ॲसिडची बाटली घेऊन निघाले तर म्हणाले, "हीरीत उतरायला कालिजात जावं लागतं व्हय?" पण दोर त्यांनीच धरला.

वरचे बारा फूट बांधकाम आहे, त्यामागचं दिसत नाही. आप्पा म्हणतात माती आणि मग मुरूम. वहीत मी 'आप्पांच्या सांगण्यावरून' असं लिहिलंय. त्याखाली दगड मोकळा आहे. आप्पा वरून ओरडून सांगत होते, "आता मांजऱ्या लागंल बघ." लागला. बारीक पोकळ्या, आत पांढरं-हिरवट भरलेलं. मी पाठ केलेला 'ॲमिग्डलॉइडल बेसॉल्ट' म्हणजे आमच्या विहिरीतला मांजऱ्या, हे मला वीस वर्षांची होईपर्यंत माहीत नव्हतं. ॲसिड टाकलं. एका पोकळीत फसफसलं, शेजारच्या सुयांसारख्या खड्यांवर काहीच नाही. तर ते कॅल्साइट नाही एवढंच लिहिलं, नाव दिलं नाही.

मग काळा. "ह्यो नुस्ता सुरुंग खातो, पानी देत न्हाई," हे आप्पांचं वर्णन. टेप सोडून मोजला, १७ फूट. उभ्या भेगा आहेत, पण आठच मोजता आल्या, पुढे शेवाळ.

आणि मग तांबडं. दोन फुटांचा पट्टा, विहिरीला गोल कमरपट्टा घातल्यासारखा. त्याच्या बरोबर वरच्या कडेनं ओल होती, एका जागी थेंब थेंब पडत होता. आप्पा म्हणाले, तांबडं लागलं तेव्हा वरनं पाझर फुटला आणि मुकादमानं त्या दिवशी सगळ्यांना गूळ वाटला.

तिथेच बसून चित्र काढायला घेतलं आणि अडकले. माझं पाठ असलेलं चित्र काही केल्या बसेना. पंधरा मिनिटांनी उमगलं. मॅडम खालून वर काढतात, लाव्हा आला त्या क्रमानं. आप्पा वरून खाली सांगत होते, त्यांनी खणलं त्या क्रमानं. मी आप्पांचे शब्द मॅडमच्या क्रमात लावत होते. वही उलटी धरली आणि सगळं जागेवर बसलं. मांजऱ्या हा काळ्याचाच माथा. तांबड्याखाली पुन्हा मांजऱ्या सुरू होतो, तो खालच्या थराचा माथा. म्हणजे थर दोन. या वेळी मी मोजले.

काळ्याच्या अगदी तळाशी, तांबड्याच्या वर चार बोटं, बोटभर लांब नळ्या आहेत. फळ्यावरच्या नळ्या! सगळ्या एकाच बाजूला कललेल्या. आप्पांना विचारलं तर म्हणाले, ही भोकं किड्यांची असावीत.

शाळामास्तरीण

अगं, नळ्या कललेल्या आहेत म्हणजे लाव्हा कुठल्या बाजूला वाहत होता ते कळतं! कल कुठल्या दिशेला ते घेतलंस का?

खटावची_पोर

घेतलं ना. हॅमर काठावर आप्पांच्या पायाशी ठेवला होता. ईशान्य आली. वर आल्यावर लक्षात आलं की मी मोटरच्या लोखंडी पाइपाला टेकून बसले होते.

भूजलवाला

परत उतर.