उजनी धरण मायनसमधून प्लसमध्ये यायला किती दिवस? तीन उत्तरं आली, बरोबर कुठलं?

अकरावी_शिकवणी, सोलापूर
एकक आणि मापनाच्या धड्यावर मुलांना गणित दिलं: उजनी उणे 20 टक्के, दौंडहून धरणात येणारा विसर्ग 20,000 क्युसेक (सेकंदाला तितके घनफूट), तर शून्यावर यायला किती दिवस? उत्तरं आली 6.2, साडेतेरा आणि 219. रीत तिघांचीही एकच, घनफळ भागिले विसर्ग. कोण कुठं घसरलं हे फळ्यावर कसं दाखवू? आणि 6.2 ला पूर्ण गुण द्यायचे का?

घनफूट
219 वाल्यानं 1 टीएमसी म्हणजे 10⁹ घनमीटर धरलंय. ते घनफूट आहेत सर. 1 टीएमसी = 10⁹ घनफूट = 2.83 कोटी घनमीटर. एका घनमीटरात 35.3 घनफूट, आणि 6.2 × 35.3 = 219. उत्तर 35 पट फुगलं किंवा आटलं की आधी इथंच बघायचं.

साडेतेरावाल्यानं 20 टक्के एकूण साठ्यावर, म्हणजे 117.23 टीएमसीवर काढलेत. पेपरात येणारी टक्केवारी उपयुक्त साठ्याची असते: 53.57 टीएमसी. त्याखाली 63.66 टीएमसी मृत साठा (उपयुक्त साठ्यात न धरलेलं तळाचं पाणी), म्हणून तर आकडा उणे जाऊ शकतो. 53.57 चे 20 टक्के = 10.7 टीएमसी.

तोंडी करायला एकच आकडा पाठ ठेवा. 1 क्युसेक दिवसभर चालला तर 86,400 घनफूट, म्हणजे 11,574 क्युसेक दिवसभर चालला की 1 टीएमसी. 20,000 क्युसेकचे रोज 1.73 टीएमसी. 10.7 ÷ 1.73 = 6.2.

भीमाकाठ
एकक न तपासताही 219 पकडता येतं. जलाशयाचा पसारा ढोबळ 200 चौ. किमी धरा. 10.7 टीएमसी म्हणजे 30 कोटी घनमीटर, पसरले तर पातळी दीड मीटर चढेल. पटण्यासारखं आहे. त्या मुलाचं घनफळ त्याच पसाऱ्यावर ओतलं तर 53 मीटर होतं, आणि धरणाची उंचीच सुमारे 56 मीटर! पसारा 150 धरला तरी निकाल बदलत नाही. अंदाजात एवढी ढिलाई चालते, 35 पटीची नाही.

मोजपट्टी
6.2 ला गुण द्या, पण शेजारी "5 ते 8 दिवस" लिहायला लावा. 20,000 हा त्या घडीचा विसर्ग, दिवसाची सरासरी नव्हे. दर 6 तासांची नोंद 12, 20, 28, 20, 10 हजार असेल, तर टोकाच्या दोन नोंदी अर्ध्या धरून: (6 + 20 + 28 + 20 + 5) ÷ 4 = 19.75 हजार. 28 हजारच दिवसभर धरणारा चाळीस टक्क्यांनी चुकतो. शिवाय विसर्ग सहसा नदीची पातळी वाचून तक्त्यावरून काढतात, त्यात दहा टक्के इकडं-तिकडं होणारच. दौंडचं पाणी धरणात पोचायला लागणारा वेळ वेगळा.

बाष्पीभवन पावसाळ्यात सोडून द्या, उन्हाळ्यात नको. रोज 8 मिमी × 200 चौ. किमी = 16 लाख घनमीटर, म्हणजे साधारण 650 क्युसेक. 20,000 पुढं किरकोळ; पण आवक बंद असताना रोज उपयुक्त साठ्याचा 0.1 टक्का, महिन्याला 3.

अकरावी_शिकवणी
मुलांचा पुढचा प्रश्न: 1 टीएमसी शहराला किती दिवस पुरेल?

घनफूट
10 लाख माणसं, माणशी 135 लिटर: रोज 1.35 लाख घनमीटर. 2.83 कोटी ÷ 1.35 लाख = 210 दिवस. पण हे जलवाहिनीतून, गळती शून्य धरून. नदीतून सोलापूरला पाणी देणाऱ्या औज बंधाऱ्यापर्यंत सोडायचं तर आधी कोरडं पात्र भिजतं, मग डोह भरतात, वाटेत मोटारी उपसतात. तिथं 210 हा आकडा वापरू नका. पुढच्या तासाला हेच गणित द्या: पात्राची लांबी, रुंदी आणि मुरण्याचा दर मुलांनाच धरू दे.